चौकोनी भोकाची शंभर नाणी

आमच्या ह्यांना चिनी भाषेतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं नवऱ्याची उगीच फुशारकी मारली. हे छापखान्यात खिळे जुळवायचे. अडतीस वर्षं. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरायचं आणि ओळ लावायची, तीसुद्धा उलटी, कारण शिशावर अक्षर उलटं असतं तेव्हा कुठे ते कागदावर सुलट उमटतं. आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज हे उलटं वाचायचे. लग्नानंतर पहिल्यांदा छापखान्यात डबा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस जादूगार तरी आहे, नाहीतर तिरळा तरी.

मग छापखान्यात संगणक आले, आणि पुढे छापखानाच गेला. खिळे वितळवायला वजनावर विकले. हे खिशात एक भिंग घेऊन घरी आले आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. पहिले सहा महिने मी म्हटलं, बसू दे, आयुष्यभर उभं राहून काम केलंय. पण सहाचे चोवीस झाले तरी गडी उठायचं नाव घेईना. नुसतं बसले असते तरी चाललं असतं हो. हे गप्प झाले. एका वाकड्या स्वल्पविरामावरून मालकाशी तीन दिवस भांडलेला हा माणूस, आता भाजीत मीठ विसरले तरी मुकाट जेवायचा. मुद्दाम दोनदा विसरून पाहिलं मी. भांडकुदळ माणूस गप्प झाला की घर खायला उठतं. एकदाच म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं आता कुणाला काही काम राहिलं नाही." मी म्हटलं, मला आहे की, सुईत दोरा ओवून द्या. त्यांनी दोरा ओवून दिला आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. असेच बसल्या बसल्या विझून जातील, अशी.

मी घरीच कपडे दुरुस्त करून देते. लांब ते आखूड, सैल ते घट्ट, फाटकं ते धड. एक दिवस संग्रहालयातल्या बाई कोट घेऊन आल्या. वयानं आमच्या लेकीएवढ्या, केस विस्कटलेले, नखांत माती. "काकू, खिशाला भोक पडलंय, बघता का जरा?" खिशात काहीबाही कोंबत असणार, ते दिसतच होतं. त्यांचं शिक्षण जुन्या मडक्यांचं, हे त्यांनीच सांगितलं, आणि मी मनातल्या मनात त्यांचं नाव मडकेबाई ठेवून मोकळी झाले.

अस्तर उसवलं तर आतून दोन नाणी घरंगळून टेबलावर आली. काळपट हिरवी, गोल, मधोमध चौकोनी भोक आणि भोकाच्या चार बाजूंना चार चिन्हं.

"अगं बाई, इथे होती होय ही!" मडकेबाईंनी कपाळाला हात लावला. "आठवडाभर शोधतेय मी. चिनी आहेत, दोन्ही एकसारखी."

"एकसारखी नाहीत," खिडकीतून आवाज आला.

मी अशी दचकले की कात्री हातातून सुटली. हे उठले होते. आपणहून. भिंग डोळ्याला लावून टेबलावर वाकले आणि नखानं दाखवायला लागले. "हे डावीकडचं चिन्ह बघा. वर छप्पर, छपराखाली पेटी, पेटीला दोन पाय. ह्या नाण्यावर पाय बाहेर फाकलेत. त्याच्यावर आत वळलेत. छपराची उतरणही वेगळी. टाइप एक नाही हा. एकाचं बघून बघून दुसऱ्या कुणीतरी नव्यानं पाडलाय."

"काका, तुम्हाला चिनी येतं?"

"छे हो. मला फक्त दिसतं."

मडकेबाई नाणी घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी धापा टाकत परत आल्या. मी म्हटलं, कोट अजून झाला नाही. तर म्हणतात, "कोट राहू द्या काकू, काका कुठे आहेत?" त्यांनी पुस्तकं धुंडाळली होती. एक नाणं नऊशे वर्षांहून जुनं, चीनच्या राजाच्या टाकसाळीतलं. दुसऱ्यावर चार चिन्हं तीच, पण ते सहाशे वर्षांनंतरचं, जपानात नागासाकीला ओतलेलं. परदेशी व्यापाराला जुन्या चिनी नाण्यांची गरज होती, म्हणून तिथल्या लोकांनी त्याच अक्षरांची नवी पाडली. डावीकडच्या त्या पेटीचा अर्थ म्हणे मौल्यवान वस्तू, आणि ती बहुतेक सगळ्या नाण्यांवर डावीकडेच असते.

"म्हणजे आडनाव तेच, घराणं वेगळं," मी म्हटलं. हे चक्क हसले.

मग खरी गोष्ट बाहेर आली. बंदरातला गाळ उपसताना एक मोठा रांजण सापडला होता, त्यात चार हजार नाणी. आमच्या गावच्या संग्रहालयात ती ओळखणारं कुणी नाही, म्हणून रांजण राजधानीच्या मोठ्या संग्रहालयात जाणार होता. तिथे नाण्यांचे एक मोठे साहेब होते. मडकेबाईंनी त्यांना पत्र लिहिलं: आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांची परीक्षा घ्या. साहेबांचं उत्तर आलं. शंभर नाणी निवडा, लावा, प्रत्येकाचं चित्र काढून महिनाअखेर पाठवा. झिजलेल्या नाण्यांच्या फोटोत नुसते काळे डाग दिसतात, म्हणून हातानं काढलेली चित्रंच हवीत. बरोबर निघाली तर रांजण तुमच्याकडे राहील, आणि त्या गृहस्थांना संग्रहालयात टेबल मिळेल, पगारासकट.

पगाराचं मी ऐकलंसुद्धा नाही. टेबल म्हणाल्या ना, तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून हे नऊच्या ठोक्याला दाढी करून संग्रहालयात हजर. संध्याकाळी आले की बोलणं थांबायचं नाही. चिन्हं वाचता येत नसल्यामुळे त्यांनी प्रत्येकाला टोपणनाव दिलं होतं. एक होता छत्रीवाला, एक लंगडा, एक "जिना उतरणारी बाई", आणि सगळीकडे ती छपराखालची पेटी. मी कणीक मळतेय आणि हे पाठीमागे उभे राहून सांगतायत की आज जिना उतरणारीच्या सात जणी सापडल्या, पण एकीची पायरी तुटकी आहे. माझ्या हाताला पीठ, डोक्याला ताप आणि मनातून मी इतकी सुखात की विचारू नका.

पुस्तकात वाचून मडकेबाईंनी त्यांना नाणी कशी ओतायचे तेही सांगितलं होतं. आधी एक नीट कोरलेलं नाणं तयार करायचे, त्याला आई म्हणायचे. ती आई वाळूत दाबायची, वाळूत खळगा पडतो, त्यात धातू ओतायचा, की झाल्या लेकी तयार. आईच्या अंगावर चुकून एखादा ठिपका राहिला असेल तर तो प्रत्येक लेकीच्या अंगावर त्याच जागी येणार.

"आमच्या खिळ्यांचं तसंच असायचं," हे म्हणाले. "साच्यात खोट असली की सगळ्या 'क'चं नाक एकाच ठिकाणी चपटं."

मग काय, ह्यांनी नाणी नावावरून लावण्यापेक्षा आईवरून लावायला सुरुवात केली. कुणाच्या काठाला फुगवटा, कुणाच्या भोकाचा कोपरा बुजलेला, कुणाच्या पेटीचा पाय तोकडा. डोळ्यांत तेल घालून सगळं टिपायचे. तीन आठवडे नुसतं लावण्यातच गेले. शेवटचे दहा दिवस चित्रांना ठेवले होते. नेमक्या त्याच वेळी मडकेबाई खोदकामावर गेल्या. जाताना पत्ता लिहिलेलं पाकीट ह्यांच्या हाती देऊन गेल्या, चित्रं झाली की परस्पर टाका म्हणून. बटर पेपरवर काळ्या शाईनं ह्यांनी शंभर चित्रं काढली, तळहाताएवढी मोठी, केसासारख्या रेघांची. पाकिटाला तिकिटं मीच चिकटवली आणि टपालपेटीत टाकताना, देवाची शपथ, त्या पाकिटाचा मुका घेतला.

अकरा दिवसांनी पाकीट परत आलं. जाडच्या जाड, सगळी चित्रं आत. वर चार ओळींचं पत्र. हे आंघोळीला गेले होते, म्हणून आधी मी वाचलं.

साहेबांनी लिहिलं होतं: "आपण पाठवलेली सर्वच्या सर्व चित्रे डावी-उजवी उलट काढलेली आहेत. ज्या व्यक्तीला नाण्याची डावी बाजू आणि उजवी बाजू यांतला फरक समजत नाही, तिच्या हाती चार हजार नाणी सोपवणे शक्य नाही. रांजण पुढील शुक्रवारी आमच्याकडे पाठवावा."

सगळी. शंभरच्या शंभर. फक्त दोन नाणी इतकी झिजलेली होती की त्यांच्यावर काहीच नव्हतं, तीच काय ती बरोबर म्हणायची.

हे टॉवेलनं डोकं पुसत आले. मी पत्र लपवायला हवं होतं, पण माझं तोंडच सगळं सांगत होतं. त्यांनी वाचलं. एक चित्र उचललं, भिंग न लावताच बघितलं. पेटी उजवीकडे होती.

"मी नाणं काढलंच नाही," ते म्हणाले. आवाज अगदी सपाट. "धातूवर उठलेलं अक्षर दिसलं, की ते कागदावर कसं पडेल तेच माझा हात काढतो. नाण्याला शाई लावून छापलं असतं, तर कसं दिसलं असतं, ते काढलंय मी. शंभर वेळा. अगं, नाणं आधीच सुलट असतं. ते काय छापायला थोडंच करतात!"

मी म्हटलं, एवढंच ना, मग त्यांना तसं कळवू. तर म्हणाले, "नको. बरोबर आहे त्यांचं. डोळ्यांना दिसलं आणि हाताला कळलं नाही, म्हणजे हात गेला." आणि जाऊन बसले खिडकीपाशी. त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलंच नाही. विसरले नव्हते, रागानं. जेवले मुकाट.

संध्याकाळी मडकेबाई खोदकामावरून परतल्या त्या थेट आमच्याकडे आल्या. चित्रं बघून त्यांना आधी हसू आलं, मग रडू आलं. त्यांनी राजधानीला चार वेळा फोन लावला, पण मोठे साहेब म्हणे फोनवर येत नाहीत, पत्रच पाठवा. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत शुक्रवार उलटून जाणार होता.

रात्रभर माझ्या तळपायाची आग मस्तकात. साहेबांवर नाही हो. चुकलेलं चुकलंच होतं. पण चुकलं काय आणि साहेबांनी ठरवलं काय! ह्यांचा हात गेलेला नव्हता. अडतीस वर्षं एकच काम इतकं चोख केलं होतं की हात दुसरं करायलाच तयार नव्हता. हे त्या माणसाला कुणी सांगायचं? काखेत कळसा असला तरी कुणीतरी दाखवावा लागतो.

सकाळी ह्यांना म्हटलं, घाऊक बाजारात बटणं आणायला चाललेय, उशीर होईल. चित्रांचं पाकीट कापडाच्या पिशवीत घातलं आणि पहिली बस धरली. साडेतीन तास. शेजारची बाई म्हणाली, पिशवीत काय आहे एवढं धरून ठेवायला? मी म्हटलं, नवरा. ती खिडकीकडे सरकून बसली.

मोठ्या संग्रहालयात दोन शिपायांनी मला अडवलं आणि तिसऱ्यानं सोडलं. साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. चारी भिंतींना चपटे खण, खणाखणांत नाणी, मध्ये एक वाळका म्हातारा माणूस, कोटाच्या बाहीचं बटण लोंबतंय. बायकोचं लक्ष नाही, नाहीतर बायको नाही, असं माझ्या मनात आलं.

"आपण नाण्यांचं काम करता?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी कपडे शिवते. उलटी चित्रं काढणारा माझा नवरा."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, मी पत्रात सगळं लिहिलंय."

"वाचलंय मी. एकच गोष्ट दाखवते आणि जाते." परवानगीची वाट न बघता मी खिडकीशी गेले, एक चित्र काढलं आणि पालथं करून काचेवर धरलं. बटर पेपरमधून उन्हात रेघ न् रेघ दिसत होती. पेटी डावीकडे आली. "शिवणाऱ्या बाईला हे कळतं, साहेब. कपडा उलटा करून शिवतात, टीप आतून घालतात. तुम्ही आतली बाजू बघून कोट वाईट म्हणालात."

"आणि कोट उलटा घालून बाहेर पडणाऱ्याला काय म्हणू?"

"विसराळू म्हणा. आंधळं म्हणू नका."

मग मी एका दमात सगळं सांगितलं. छापखाना, खिळे, अडतीस वर्षं, हाताची सवय, खिडकीपाशी दोन वर्षं. मिठाचंसुद्धा सांगितलं. मधेच त्यांच्याच टेबलावरचं पाणी प्यायले. साहेब उठले, माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि एकेक कागद पालथा करून काचेवर धरायला लागले. दहा झाले, वीस झाले. मी उभीच.

एका ठिकाणी ते थांबले. "हे खाली काय लिहिलंय? चौदा, सदतीस, एकसष्ट: तिघी बहिणी."

"एका आईच्या लेकी असतील. भोकाच्या कोपऱ्याजवळ ठिपका काढलाय बघा, तिघींच्या त्याच जागी. आईच्या गालावरचा मस लेकींना आलाय."

साहेबांनी खणातून मडकेबाईंनी पाठवलेल्या त्या शंभर नाण्यांच्या फोटोंचा गठ्ठा काढला. एकसष्ट नंबरचा फोटो म्हणजे नुसतं करपलेलं बटण. "ह्याच्यात ठिपका नाही दिसत."

"फोटोत दिसलं असतं तर तुम्ही चित्रं कशाला मागवली असतीत?"

त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "बसा." मी बसले. त्यांनी भिंगाखाली फोटो तिरका धरला, दिवा जवळ ओढला, दिवा लांब सारला. बराच वेळ. मग स्वतःच्या एका वहीत बघितलं आणि मान हलवली. वरचं चिन्ह झिजलं होतं म्हणून साहेबांनी स्वतः ते नाणं फोटोवरून दुसऱ्याच राजाच्या काळात टाकलं होतं, आणि दुसऱ्या दोघी बहिणींवर ते चिन्ह धड होतं, असं मला नंतर मडकेबाईंकडून कळलं. आमच्या ह्यांनी राजा बघितलाच नव्हता. त्यांनी बहिणी बघितल्या.

"तुमचे यजमान चिनी शिकणार आहेत का पुढे?" साहेबांनी विचारलं.

"कशाला? वाचता यायला लागलं की माणूस बघायचं सोडतो. छापखान्यात सगळ्यात जास्त चुका शिकलेल्या लेखकांकडून सुटायच्या, असं हे म्हणतात."

साहेब हसले की खोकले, कळलं नाही. "तुम्ही आलात हे त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. मी बटणं आणायला गेलेय, असं वाटतंय त्यांना."

"मग आठवणीनं बटणं घेऊन जा," ते म्हणाले. "आणि मी काही कबूल केलेलं नाही. विचार करतो."

निघताना मी त्यांच्या बाहीचं बटण पक्कं करून दिलं. लाच म्हणून नाही. लोंबतं बटण बघून निघून जाणं मला जमत नाही. बटणं घेतली आणि शेवटच्या बसनं घरी आले. हे खुर्चीतच होते. मी बटणांची पुडी टेबलावर टाकली. कुठली आणलीस, केवढ्याला आणलीस, एक शब्द विचारला नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मडकेबाई रांजण बांधायला गवत आणि खोके मागवून आल्या. विचार करतो म्हणणारी माणसं विचार करत नसतात, एवढं मला कळतं. मी मशीनवर बसून वेड्यासारखी टिपा घालत होते आणि घातलेल्या उसवत होते.

गुरुवारी दुपारी शाळेचे मुख्याध्यापक पॅन्ट आखूड करून घ्यायला आले होते. त्यांना स्टुलावर उभं केलं होतं. एक पाय दुमडून झाला होता आणि माझ्या तोंडात पाच टाचण्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. टाचण्या तोंडात ठेवूनच उचलला.

"काकू! काकू, मोठ्या साहेबांचा फोन होता. स्वतः केला त्यांनी!" मडकेबाई नुसत्या ओरडत होत्या. "रांजण इथेच राहणार. काकांना सोमवारपासून टेबल. साहेब म्हणाले, कागदाच्या कोपऱ्यात आधी डावी-उजवी लिहून घ्यायची, मग पेन टेकवायचं. आणि म्हणाले, बटणवाल्या बाईंना नमस्कार सांगा. हे काय हो काकू? कोण बटणवाल्या बाई?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडात टाचण्या. बोलता येईना, रडता येईना. मुख्याध्यापक स्टुलावरून म्हणाले, "अहो बाई, टोचलं का काही?" मी एकेक टाचणी काढून उशीला लावली, मग ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो. रांजण राहतोय. सोमवारपासून तुम्हाला टेबल दिलंय."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. माझा जीव टांगणीला. म्हटलं, आता नको म्हणतील. हात गेलाय म्हणतील. उजवा हात त्यांनी मांडीवर उघडला, मिटला, परत उघडला.

"टेबल कुठलं?" त्यांनी विचारलं.

"असेल एखादं."

"एखादं म्हणजे? मागच्या खोलीतलं?"

"मला काय माहीत! मागच्या खोलीतलं असेल."

"मागच्या खोलीत उजेड उजवीकडून येतो. हाताची सावली रेघेवर पडते. मी काय सावलीत काढू चार हजार नाणी?" आवाज चढला होता. "आणि ती खुर्ची नको, डुगडुगते. खालचा खण ओढला की टेबल हलतं, महिनाभर सहन केलं मी, आता नाही करणार. माझ्या खणाला कुणी हात लावायचा नाही, झाडणाऱ्यानंसुद्धा नाही. आण तो फोन इकडे."

फोन अजून चालूच होता. त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि उभे राहिले. "ऐका बाई, टेबलाचं आधी बोलू. नाही नाही, आभाराचं मागून. आधी खिडकी कुठली ते सांगा. पूर्वेची? पूर्वेची कशी चालेल? दुपारनंतर काय करू, बसून राहू?"

पलीकडून मडकेबाई काहीतरी समजावत होत्या आणि हे एकाला दोन उत्तरं देत होते. मी पदरानं तोंड पुसलं आणि स्टुलापाशी जाऊन बसले. दुसरा पाय राहिला होता.

"बाई," मुख्याध्यापक हळूच वाकून म्हणाले, "घरात काही बरंवाईट तर नाही ना? ते फारच चिडलेत."

"हो ना," मी म्हटलं. "दोन वर्षांनी चिडलेत हो. तुम्ही सरळ उभे राहा, मला दिसत नाहीये."